खऱ्या आपत्तींतून वाचलेल्या मुलांच्या कादंबऱ्या नऊ वर्षांच्या मुलाला द्याव्यात का? चांगली कशी ओळखायची?

जरूर द्या. तुम्ही लिहिलंय की मुलगा सध्या टायटॅनिक, त्सुनामी, ज्वालामुखी असल्याच गोष्टींच्या मागे लागलाय आणि त्याच्या मनात भीती बसेल अशी घरात धास्ती आहे. मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते. या वयाची मुलं ही पुस्तकं अक्षरशः झडप घालून नेतात. भीती त्यांनाही वाटतेच, पण गोष्टीतला मुलगा शेवटी जगणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असतं आणि त्या भरवशावर ती भीती त्यांना पेलते. झोप उडत असेल तर पुस्तक काही दिवस बाजूला ठेवा, एवढंच.

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नवं पुस्तक हातात आलं की मी आधी मुलाचा जीव वाचतो ते पान काढते आणि तो कशाने वाचला ते बघते. नुसत्या हिमतीने वाचला असेल, तर ते पुस्तक मी कुणाला सुचवत नाही. कारण मग जे गेले ते भित्रे होते असा अर्थ निघतो, आणि हा त्या माणसांवर अन्याय आहे. टायटॅनिकच घ्या. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११:४० ला जहाज हिमनगाला घासलं आणि पहाटे २:२० ला बुडालं. दुसऱ्या वर्गातली सगळी मुलं वाचली, तिसऱ्या वर्गातली जेमतेम एक तृतीयांश. धाडस काही तिकिटाच्या वर्गाप्रमाणे वाटलेलं नव्हतं. जीव वाचवायच्या छोट्या बोटी वरच्या डेकवर होत्या आणि तिसऱ्या वर्गातून तिथवर पोचायची वाट लांबची, वळणावळणाची होती.

पहिली बोट ६५ जणांची. ती पाण्यात सोडली तेव्हा तीत सुमारे २८ माणसं होती. हे वाचून एक मुलगी थेट माझ्या टेबलाशी आली, पुस्तक तसंच उघडं धरून. "मग बाकीच्या जागा?" सुरुवातीला कित्येकांना जहाज बुडेल असं वाटलंच नव्हतं, उजेडातलं उबदार जहाज सोडून अंधारात लोंबकळणाऱ्या बोटीत बसायला लोक तयार नव्हते, हे मी तिला सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. होऊही नये. असा प्रश्न पाडणारं पुस्तक मला हवं असतं.

मग शेवटची पानं बघा. खरं काय आणि रचलेलं काय, हे लेखकाने सांगितलंय का? जपानमध्ये १९३७ पासून दहा वर्षं शालेय पाठ्यपुस्तकात एक धडा होता. टेकडीवरचा एक म्हातारा समुद्र मागे हटताना बघतो आणि स्वतःचं कापून ठेवलेलं भात पेटवून देतो. आग विझवायला सगळं गाव वर धावतं आणि लाटेतून वाचतं. हा म्हातारा ज्याच्यावरून घेतला तो हामागुची गोर्यो १८५४ च्या त्या त्सुनामीच्या वेळी अवघा चौतीस वर्षांचा होता. त्याने पेंढ्याच्या गंजी पेटवल्या त्या लाट येऊन गेल्यावर, अंधारात चाचपडणाऱ्यांना उंचावरची वाट दिसावी म्हणून. पुढे त्याने पदरचे पैसे घालून किनाऱ्याला बांध घातला, घरदार गेलेल्यांना त्यावर काम दिलं, आणि १९४६ च्या त्सुनामीत त्याच बांधाने गावाचा मोठा भाग वाचवला. धड्यात बांध नाहीच! मला तर बांधाचीच गोष्ट मोठी वाटते. मुलांना दोन्ही सांगा. यातलं खरं कुठलं, हे शोधायला त्यांना फार आवडतं.

कुणीच मरत नाही अशी गोष्ट मात्र नको. नऊ वर्षांच्या मुलाला ती लबाडी लगेच कळते.

सुरुवात त्सुनामीवरच्या पुस्तकाने करा, कारण त्यातलं ज्ञान खरोखर उपयोगी पडतं. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर १९०७ च्या लाटेची आठवण लोकांनी गाण्यांतून आणि गोष्टींतून जपली होती: जोराचा भूकंप झाला, समुद्र ओसरला, की डोंगराकडे पळा. २६ डिसेंबर २००४ ला लोक तसेच पळाले. सुमारे ७८ हजार वस्तीच्या त्या बेटावर सात माणसं दगावली. घरच्यांना हे नक्की सांगा. आणि पुस्तक मुलाच्या आधी तुम्ही वाचून ठेवा, कारण त्याचे प्रश्न नेमके झोपायच्या वेळी येणार आहेत.