कपडे टिकण्याची आणि दुरुस्तीची जबाबदारी कंपनीने का घ्यावी?

कारण कपडा किती टिकणार हे आपण तो विकत घेण्याआधीच ठरलेलं असतं. सूत कसलं, टाके किती जवळ, शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेलं जास्तीचं कापड किती, हे सगळं कारखान्यात ठरतं. कपडा फाटला की बोल मात्र वापरणाऱ्याला लागतो.

एखादी पँट उलटी करून बघा. शिवणीला जेमतेम अर्धा सेंटिमीटर माया, तीही ओव्हरलॉकने, म्हणजे कडा कापत शिवणाऱ्या मशीनने, कापलेली. शिंप्याने सैल करायची म्हटली तर हाताला कापडच लागत नाही. चेनचंही तसंच. रनर, म्हणजे वरखाली सरकणारा भाग, ढिला झाला की अख्खी पँट बाद होते, कारण त्या मापाचा सुटा रनर कंपनी देतच नाही. कापड अजून धड असतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

खर्च अंगावर आला की कंपन्या नीट शिवतील, असं माझं ठाम मत आहे. फ्रान्समध्ये २०२३ पासून कपडे आणि बुटांच्या दुरुस्तीच्या बिलात सवलत मिळते आणि तो पैसा कंपन्यांनी भरलेल्या वर्गणीतून येतो. मला तर त्याहून पुढे जाऊन सुटे भाग आणि जुळणारं कापड काही वर्षं विकत मिळावं, अशी सक्ती हवी आहे.