आठ गुणांनी गेलेला ग्रुप

बेटा,

तुझा मेसेज आणि गुणपत्रिकेचा फोटो, दोन्ही मिळालं. ‘सर, आता सगळी लेक्चर्स परत पहिल्यापासून बघते,’ असं लिहिलंयस. ते नको. का नको हे लिहूनच कळवतोय, कारण फोनवर तू ‘हो सर’ म्हणशील आणि संध्याकाळी अभ्यासिकेत जाऊन पुन्हा हेडफोन लावशील.

आधी ती सीए इंटरच्या पहिल्या ग्रुपची, म्हणजे तीन पेपरांच्या गटाची, गुणपत्रिका नीट वाचू. ॲडव्हान्स्ड अकाउंटिंग ५८, लॉ ४१, टॅक्स ४३. बेरीज १४२. एकाही पेपरात तू चाळिसाच्या खाली नाहीस, तरी ग्रुप गेला. प्रत्येक पेपरात ४० हवेत तसे तिन्ही मिळून ३०० पैकी १५० पण हवेत, हे तुला माहीत होतं. पण अभ्यास केलास तो फक्त पहिल्या अटीसाठी. दहावी-बारावीला विषयाला ३५ पडले की सुटलो, ही सवय आपल्याकडच्या मुलांच्या अंगात इतकी मुरलेली असते की सीएला आल्यावरही ‘लॉ कसाबसा निघेल’ असंच बोललं जातं. इथे तिन्ही पेपरांत कसेबसे ४० मिळवणारा मुलगा तीस गुणांनी नापास होतो.

आता उलट बाजूने हिशोब कर. अकाउंट्समध्ये ७० पडले असते, तर लॉ आणि टॅक्समध्ये ४०-४० वरही ग्रुप निघाला असता. नुसते ६० पडले असते, तर ग्रुप गेला तरी त्या पेपरातून सूट, म्हणजे एक्झेम्प्शन, मिळून पुढचे तीन अटेम्प्ट त्याची चिंता नसती. म्हणजे दोन गुणांनी तेही हुकलं. नापास झाल्यावर मुलं सगळा वेळ कच्च्या विषयांवर घालतात आणि पुढच्या वेळी पक्का विषयच गडगडतो, हे मी ऑफिसमध्ये येणाऱ्या मुलांच्या बाबतीत पुष्कळदा पाहिलंय. तू अकाउंट्स सोडू नकोस. तिथे तुला विषय येतो. वर्किंग नोट्स नीट मांडल्या, अकाउंटिंग स्टँडर्ड काय सांगतं ते एका ओळीत लिहून मग आकडे टाकले, तरी पाच-सात गुण वाढतात. लॉमध्ये तेवढेच वाढवायला जास्त घाम गाळावा लागेल.

तरीही खरं दुखणं लॉमध्येच आहे असा माझा अंदाज आहे. तो बरोबर की चूक, हे तुझी उत्तरपत्रिकाच सांगेल. म्हणून पहिलं काम म्हणजे परीक्षा घेणाऱ्या सीए इन्स्टिट्यूटकडे उत्तरपत्रिकेच्या सर्टिफाइड कॉपीसाठी अर्ज कर. निकालापासून महिन्याभराची मुदत असते, ती रडण्यात घालवू नकोस. (तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क माहिती अधिकारात येतो, हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये स्पष्ट केलं. आमच्या वेळी नुसता आकडा यायचा, त्यामागे काय झालं ते देव जाणे.) व्हेरिफिकेशनवर, म्हणजे गुणांच्या फेरपडताळणीवर, मात्र फार आशा ठेवू नकोस. त्यात बेरीज चुकलीय का, एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, एवढंच बघतात. उत्तराचं मूल्यमापन नव्याने होत नाही.

कॉपी आली की एक साधी वजाबाकी कर. पेपरात ३० गुण एमसीक्यूचे, म्हणजे पर्याय निवडायच्या प्रश्नांचे, आणि ७० लेखी. लॉच्या लेखी भागात समजा २१ पडलेत, तर ४१ पैकी उरलेले २० एमसीक्यूचे. ३० पैकी २० आणि ७० पैकी २१! असं निघालं तर तुला लॉ येत नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. तुला लॉ ओळखता येतो, लिहिता येत नाही. आणि लेक्चर दुसऱ्यांदा, दीडपट-दुप्पट वेगाने बघून ओळख तेवढी वाढते, हात तिथेच राहतो.

उदाहरण देतो. प्रश्न असा की, एका अनलिस्टेड (शेअर बाजारात नोंद नसलेल्या) कंपनीने वार्षिक सर्वसाधारण सभा १५ ऑगस्टला सकाळी ११ वाजता बोलावली. सगळ्या सभासदांनी आधीच लेखी संमती दिली आहे. सभा कायद्याला धरून आहे का? तू बहुतेक लिहिशील, ‘नाही, कारण राष्ट्रीय सुट्टी आहे.’ उत्तर बरोबर, पण गुण एखाद-दुसरा. परीक्षकाला तुझ्याकडून आधी कंपनी कायद्याचं कलम ९६ काय म्हणतं ते हवंय: सभा सकाळी ९ ते संध्याकाळी ६ या वेळात, राष्ट्रीय सुट्टी सोडून कुठल्याही दिवशी. मग संमतीचा मुद्दा. तो प्रश्नात उगाच घातलेला नाही. सगळ्या सभासदांनी आधी संमती दिली तर अनलिस्टेड कंपनीला सभा भारतात कुठेही घेता येते, पण ती सवलत जागेपुरती, तारखेला ती लागू नाही. वेळ बरोबर, दिवस चुकीचा, म्हणून सभा कायद्याला धरून नाही. चार-पाच वाक्यांचं काम आहे, आणि हे सगळं तुझ्या डोक्यात होतंच. कलमाचा आकडा पक्का आठवत असेल तरच लिही. नसेल तर ‘कंपनी कायदा, २०१३ च्या तरतुदींनुसार’ एवढं पुरतं. चुकीचा आकडा टाकून परीक्षकाला संशय घ्यायला लावू नये.

यात भाषेचाही भाग आहे, आणि तो तू कुणाजवळ बोलत नाहीस. परीक्षा इंग्रजीतून किंवा हिंदीतून द्यावी लागते, मराठीचा पर्याय नाही. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून तू थेट कायद्याचं इंग्रजी लिहायला बसलीस. त्याची लाज वाटून घेण्यासारखं काही नाही, पण त्याकडे काणाडोळा करूनही चालणार नाही. स्टडी मटेरियलसारखी लांबलचक वाक्यं लिहायच्या फंदात पडू नकोस. छोटी वाक्यं लिही. रोज लॉचे दोन प्रश्न पुस्तक मिटून वहीवर लिहायचे, मग इन्स्टिट्यूटची नमुना उत्तरं, म्हणजे सजेस्टेड आन्सर्स, उघडून आपल्या उत्तरात काय राहिलं ते लाल पेनाने लिहायचं. दोनच, पण रोज. पहिल्या आठवड्यात वही लालच दिसेल, दिसू दे.

टॅक्सचं थोडक्यात. पेपर निम्मा इन्कम टॅक्सचा आणि निम्मा जीएसटीचा, तरी सगळे जीएसटी शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. तू या वेळी जीएसटीपासून सुरुवात कर. आणि जुन्या नोट्सवर विसंबण्याआधी तुझ्या अटेम्प्टला कायद्यातले कोणते बदल लागू आहेत ते इन्स्टिट्यूटच्या सूचनेत बघ. लॉ एक वेळ जुन्या नोट्सवर चालून जाईल, टॅक्स नाही.

आता कधी बसायचं ते. २०२४ पासून इंटर वर्षातून तीनदा होते. ऐकायला छान वाटतं, पण निकाल लागेपर्यंत पुढच्या परीक्षेच्या तयारीतले दोन महिने संपलेले असतात आणि फॉर्मची तारीख लगेच डोक्यावर येते. पूर्वी दोन अटेम्प्टमध्ये सहा महिने असायचे, विचार करायला वेळ मिळायचा. तुझ्या बाबतीत मी म्हणेन, लगेचच्या अटेम्प्टला बस, आणि फक्त पहिल्या ग्रुपला. १४२ वरून १५० गाठायला दोन महिने पुरतात. मैत्रीण दोन्ही ग्रुप एकदम देतेय, एका ग्रुपचे जास्तीचे गुण दुसऱ्याला तारतात, हे खरं आहे. पण तुझा दुसरा ग्रुप अजून सुरूच झालेला नाही, मग तारायला गुण आणणार कुठून?

शेवटच्या तीन आठवड्यांत मॉक पेपर परीक्षेच्याच वेळेला दे, दुपारी २ ते ५. पावणेदोनला प्रश्नपत्रिका समोर घे आणि ती १५ मिनिटं कुठला प्रश्न सोडायचा हे ठरवण्यात घालव. अभ्यासिकेत तू रात्री जागतेस आणि दुपारी जेवून डोळे मिटतेस, असं तुझी आई म्हणाली. पेपर दुपारी असतो, बाई.

वडिलांशी मी बोललोय. ‘तिच्या बरोबरीची मुलं आर्टिकलशिपला लागली, हिचं काय?’ असं विचारत होते. आता दोन्ही ग्रुप झाल्याशिवाय आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, सुरू होत नाही, पूर्वी एकावर व्हायची, हे त्यांना माहीत नव्हतं. गुणपत्रिका त्यांच्यापुढे ठेव आणि वर केला तोच हिशोब त्यांना करून दाखव. किराणा दुकान चालवलेला माणूस आहे, आकडे त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळतात. तोपर्यंत कुणा कन्सल्टंटकडे रिटर्न भरायला जायचं डोक्यात आणू नकोस. परीक्षा झाली की माझ्याच ऑफिसला ये.

अर्ज आजच कर आणि पोचपावतीचा स्क्रीनशॉट मला पाठव. कॉपी यायला वेळ लागेल, तोवर त्या १५ ऑगस्टच्या सभेचं उत्तर इंग्रजीत, पुस्तक न बघता, एका पानात लिहून रविवारी सकाळी घेऊन ये. लाल पेन माझ्याकडे आहे.

तुझा,
सर