खिरीत, शिऱ्यात साखरेऐवजी स्वीटनर चालेल का? कोणतं घ्यावं?

चालतं, पण शिजणाऱ्या पदार्थात ॲस्पार्टेम नको. सुक्रालोज किंवा स्टीव्हिया घ्या. ॲस्पार्टेम उकळत राहिलं की त्याचं विघटन होतं आणि गोडी उतरते. सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असतं, म्हणून पुडीत बाकीची भरच असते. एक पुडी किती चमचे साखरेइतकी, हे वेष्टनावर वाचूनच मोजा.

अर्धा लिटर दुधाच्या खिरीला चार चमचे साखर घालत असाल तर दोन ठेवा, उरलेल्या दोनची गोडी स्वीटनरने आणा, तीही गॅस बंद केल्यावर थोडी थोडी, चव घेत. सगळीच साखर काढली की स्टीव्हियाची ज्येष्ठमधासारखी कडवट चव जिभेवर रेंगाळते. वेलची-जायफळाने ती थोडी झाकते. शिरा मात्र कोरडा वाटेल, दूध किंचित वाढवा. पाकातले लाडू, चिक्की यांत हा प्रयोग करूच नका: तिथे पाकाची तार साखरच धरते, स्वीटनरला तार येत नाही. गूळ आणि मध हे पर्याय नव्हेत, तीही साखरच.

एक मर्यादा: वजन आटोक्यात ठेवण्यासाठी स्वीटनरवर विसंबू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सुचवलं आहे, ती सूचना आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही.