वाचकांचे प्रश्न : दुपारी अडखळणारे पाय

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझे वय 34 असून आम्ही ग्वाल्हेरला, लष्कर भागात, एका जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर राहतो. दोन वर्षांपूर्वी मला मल्टिपल स्क्लेरोसिस (एम. एस.) असल्याचे निदान झाले. सकाळी मी शाळेत शिकवते. पण एप्रिल लागल्यापासून बाराच्या उन्हात बाड्याच्या चौकावरून घरी येईपर्यंत डाव्या डोळ्यापुढे धुरकट होते आणि दगडी जिन्याच्या मधल्या पायरीवरच बसावे लागते. कूलरसमोर तासभर पडले की सारे पूर्ववत होते. प्रत्येक वेळी नवा झटका आला, या भीतीने जीव अर्धा होतो. सासूबाई मनाने वाईट नाहीत, परंतु "सकाळी तर चांगली हिंडत होतीस," असे त्या म्हणतात तेव्हा काय उत्तर द्यावे ते सुचत नाही.

उत्तर : तुमच्या पत्रातली ती मधली पायरी माझ्या चांगल्या ओळखीची आहे. हा आजार माझ्याकडे 2009 पासून मुक्कामाला आहे. मी डॉक्टर नाही, तेव्हा औषधांचे निर्णय तुमच्या न्यूरॉलॉजिस्टकडेच राहू द्यावेत. मी सांगते आहे ते या आजाराबरोबर संसार करताना उमगलेले.

आधी भीतीचे पाहू. उन्हाने डोळ्यापुढे येणारा धुरकटपणा हा बहुधा नवा झटका नसतो. अंग तापले की दृष्टी मंदावते, ही गोष्ट जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उटहॉफ यांनी 1890 मध्येच नोंदवून ठेवली होती आणि आजही तिला त्यांच्याच नावाने ओळखतात. या आजारात आपल्याच शरीराची संरक्षक यंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरील मायलिन नावाचे आवरण खरवडून टाकते. अशी उघडी पडलेली नस गारव्यात कसाबसा निरोप पोहोचवते, पण शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने जरी वाढले तरी तिचा निरोप वाटेतच अडतो. अंग निवले की निरोप पुन्हा पोहोचू लागतो. यात नसेला नवी इजा होत नाही. खरा झटका, म्हणजे डॉक्टर ज्याला रिलॅप्स म्हणतात तो, चोवीस तासांहून अधिक टिकतो आणि गार झाल्याने ओसरत नाही. एखादे नवे लक्षण किंवा वाढलेला जुना त्रास दुसऱ्या दिवशीही तसाच राहिला, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

मधे आणखी एक चकवा असतो, त्याबद्दल बायका सहसा बोलत नाहीत. लघवीला घाईने जावे लागते, बाहेर सोय नसते, म्हणून आपण पाणी पिणेच कमी करतो. त्यातून लघवीचा संसर्ग होतो, अंगात कसर भरते आणि पाय असे गळून जातात की झटकाच आला असे वाटावे. एका उन्हाळ्यात मी याच समजुतीने, झटक्यावर देतात त्या स्टेरॉइडच्या सलाइनसाठी बॅग भरून रुग्णालयात गेले होते. लघवीची तपासणी झाली आणि साध्या अँटिबायोटिक गोळ्या घेऊन घरी आले. तेव्हा पाणी तोडू नका. शाळेत निघण्याआधीचा एखादा तास कमी प्यावे आणि परत आल्यावर भरून काढावे, हे जमण्यासारखे आहे.

आता दिवसाची मांडणी. ग्वाल्हेरच्या मे-जूनमध्ये पारा 45 च्या पुढे जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पोळ्या आणि फोडण्या सकाळी आठच्या आत उरकाव्यात, भाजी निवडणे-चिरणे बसून करावे, ओट्याशी एक उंच स्टूल कायमचे ठेवावे. शाळेतून निघताना ओला रुमाल मानेला गुंडाळावा आणि बाड्यावरून पायी न येता रिक्षा करावी. तो खर्च औषधाच्या खात्यात लिहावा. आंघोळीला फार कढत पाणी घेऊ नये. आपला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर कोरड्या उन्हाळ्यात उत्तम काम देतो, पण पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की तो नुसताच घोंगावतो, कारण त्याचा गारवा पाण्याच्या वाफ होण्यावर अवलंबून असतो. त्यामुळे जुलै-ऑगस्टचे दिवस आपल्याला मेपेक्षाही जड जाऊ शकतात, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

हिवाळ्याचे दुखणे वेगळेच. जानेवारीतल्या थंडीत पाय ताठरतात, आणि मग शेकायचा मोह होतो. एकदा मी शेगडीपाशी पाय पसरून वाचत बसले होते. लोकरी मोजा करपल्याचा वास आधी आला, चटका नंतरही जाणवला नाही. तळव्याचा फोड बरा व्हायला महिना लागला. ज्या पायाला चप्पल मागे राहिल्याचे कळत नाही, त्याला विस्तवही कळत नाही. गरम पाण्याच्या पिशवीचा अंदाज नेहमी ज्या हाताला नीट जाणीव आहे त्याच हाताने घ्यावा.

राहिल्या सासूबाई. त्या खोटे बोलत नाहीत. सकाळी त्या तुम्हाला हिंडताना पाहतात, तेवढेच त्यांना दिसते. थकवा हे या आजारात सर्वाधिक आढळणाऱ्या लक्षणांपैकी एक आहे, पण तो तापासारखा हाताला लागत नाही की सुजेसारखा दिसत नाही. मी माझ्या घरी तो पाण्याच्या भाषेत सांगितला. तिघरा धरणाचे पाणी एक दिवसाआड सुटते तेव्हा आपल्या घरातली कोणतीही बाई सकाळीच सगळे कपडे भिजवून टाकी रिकामी करत नाही, आणि संध्याकाळी नळाला पाणी नसले म्हणून तिला कोणी आळशी म्हणत नाही. "माझी टाकी लहान झाली आहे आणि भरायला रात्र लागते," एवढे वाक्य पुरले. त्यानंतर माझ्या सासूबाई दुपारी आलेल्या पाहुण्यांना परस्परच सांगू लागल्या, "तिची टाकी संपलीय, चहा मीच करते." पंधरा दिवस एका वहीत कोणत्या वेळी काय केले आणि पाय केव्हा जड झाले हे लिहून काढा. ती वही सासूबाईंनाही दाखवावी आणि डॉक्टरांनाही. त्याच भेटीत हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-12 तपासून घ्यावे. शाकाहारी घरांत बी-12 कमी असणे फार आढळते, आणि प्रत्येक थकव्याचे खापर एम. एस. वर फोडून चालत नाही. झोप नीट लागत नसेल किंवा मन सतत खिन्न असेल, तर तेही संकोच न करता सांगावे.

प्रश्न : माझ्या पत्नीला हा आजार आहे. आम्हाला मूल हवे आहे, पण नातेवाईक घाबरवतात. आजार मुलात उतरतो का? (मुरार, ग्वाल्हेर)

उत्तर : हा आजार संसर्गजन्य नाही आणि सरळ वारशानेही येत नाही. आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असल्यास मुलाला होण्याची शक्यता साधारण शंभरात दोन-तीन इतकी असते, म्हणजे सर्वसामान्यांपेक्षा अधिक, पण तरीही थोडीच. गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत झटके कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत वाढू शकतात. त्या तीन महिन्यांसाठी घरात माणूस हवे, याची तजवीज आताच करावी. खरी सावधगिरी औषधांची आहे. टेरिफ्लुनोमाइड, फिंगोलिमॉड यांसारखी औषधे गर्भाला घातक ठरू शकतात आणि दिवस राहण्याच्या पुष्कळ आधीपासून थांबवावी लागतात. मात्र ती आपल्या मनाने थांबवल्यास आजार उसळू शकतो. म्हणून पत्नीसह न्यूरॉलॉजिस्टची भेट आधी, नातेवाइकांची मते नंतर.

प्रश्न : अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी गेले असता "तुम्ही तर चालत आलात," असे सांगून मला परत पाठवण्यात आले. एम. एस. त्यात बसत नाही का? (एक वाचक, ग्वाल्हेर)

उत्तर : बसतो. 2016 च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात ज्या 21 प्रकारांचा समावेश आहे, त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा नावानिशी उल्लेख आहे. बहुतेक सवलतींसाठी अपंगत्व किमान 40 टक्के ठरावे लागते, आणि तिथेच आपले गाडे अडते, कारण तपासणी सकाळी असते आणि आपण त्याच वेळी सर्वांत ठणठणीत दिसतो. मीही पहिल्यांदा सकाळी दहाला, इस्त्रीची साडी नेसून, काठी घरी ठेवून गेले होते. टेबलामागच्या गृहस्थांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि कागद परत सरकवला. दुसऱ्यांदा काठी घेऊन गेले आणि न्यूरॉलॉजिस्टकडून एक पत्र नेले. या आजारात अपंगत्व किती आहे हे पाहायला ई. डी. एस. एस. नावाची 0 ते 10 अशी मोजपट्टी वापरतात, आणि तिच्या मधल्या पायऱ्या माणूस न थांबता, आधाराशिवाय किती मीटर चालू शकतो यावर ठरतात : 500, 300, 200, 100. तुमच्या डॉक्टरांना हे अंतर प्रत्यक्ष चालवून मोजायला सांगा, आणि आकडा तारखेसह पत्रात लिहून घ्या. शक्य असल्यास ही मोजणी दुपारी तीनची वेळ घेऊन करावी.