.45 कोल्ट काळ्या दारूने भरताय? आधी एवढं सांभाळा

अमेरिकेत काडतुसं स्वतः भरायला शिकताय आणि सुरुवातीला .45 कोल्ट निवडलंत, छान केलंत. 1873 च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरचं हे काडतूस मुळात काळ्या दारूचंच, म्हणजे जुन्या, धुराच्या बंदुकीच्या दारूचं.

- पुंगळीत (काडतुसाच्या धातूच्या नळीत) पोकळी अजिबात नको. दारू गोळीच्या बुडाला टेकून, किंचित दाबलेली हवी. नवखे लोक काटकसर म्हणून कमी भरतात, तिथेच धोका असतो.
- स्मोकलेस पावडरचा (आधुनिक, जास्त ताकदीच्या बिनधुराच्या दारूचा) डबा त्या टेबलावर ठेवूच नका. काळ्या दारूच्या मापाने ती भरली तर रिव्हॉल्व्हर हातात फुटेल.
- गोळीला मेण-चरबीचं मऊ वंगण लावा. दुकानातल्या तयार गोळ्यांवरच्या कडक वंगणाने काजळी घट्ट बसते आणि काही फैरींतच सिलिंडर अडखळायला लागतो.
- रिव्हॉल्व्हर आणि पुंगळ्या त्याच दिवशी साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, मग रिव्हॉल्व्हरला तेल द्या. काजळी दमट हवेतलं पाणी ओढते, गंज चढतो.

दारूचे प्रकार, वॉड (दारू आणि गोळीमधली चकती) वगैरे नंतर बघू. पहिल्यांदा मोजकीच काडतुसं भरा आणि झाडून बघा.

आणि हो, अमेरिकेहून सुट्टीला भारतात येताना बॅगेचा कप्पा न् कप्पा तपासा. विसरलेल्या एका काडतुसापायी विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो.