ट्रिमरचा बेस घरीच करायचा असेल तर आधी सेंटर पकडा

मागच्या अंकात छोट्या राउटरवर, म्हणजे लाकडाला खाच पाडणाऱ्या, कडा कापणाऱ्या आणि आपले मिस्त्री ज्याला ट्रिमर म्हणतात त्या मशीनवर लिहिलं होतं, त्यानंतर बरीचशी पत्रं एकाच गोष्टीवर आली आहेत, की मशीनबरोबर मिळणारा बेस, म्हणजे लाकडावर सरकणारी खालची प्लेट, लहान पडतो, दुसरा बनवता येतो का. येतो, आणि बनवावाच. ट्रिमर हे मशीन फार गुणी आहे, त्याची कुवत त्या हाताएवढ्या प्लेटमुळे अडून राहते याचं मला खरंच वाईट वाटतं. ज्या पत्रांच्या उत्तरातून बाकीच्यांचं पण काम होईल अशी निवडून घेतली आहेत.

प्रश्न : सर, माझ्याकडे मकिता ३७०९ आहे. सनमायका कटिंगला एकदम मस्त चालतं, पण टेबलटॉपच्या कडेला राउंडिंग मारताना कोपऱ्यावर आलं की मशीन कलंडतं आणि कडेला खड्डा पडतो. मोठा बेस लावला तर फरक पडेल का, आणि कशाचा करू? (वाचक, कराड)

उत्तर : फरक पडेल आणि पहिल्याच फेरीत कळेल. होतं काय, ट्रिमरचा बेस साधारण ८०-९० मिमीचा, बिट (फिरणारं पातं) बरोबर मध्ये, त्यामुळे कडेवर चालवताना अर्धाच बेस लाकडावर असतो आणि कोपऱ्यावर आलात की जेमतेम पाव, वर मोटरचं वजन उंचावर आणि हात पण तिथेच, मग ते कलंडणारच, त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. यावर उपाय म्हणजे एका बाजूला लांब गेलेला बेस, मशीनच्या बाजूला गोल आणि दुसरीकडे निमुळता, एकूण लांबी २५० मिमीच्या आसपास, आणि निमुळत्या टोकाला पकडायला एक मूठ. ड्रॉवरचा मोठा लाकडी नॉब खालून सीएसके (काउंटरसंक, म्हणजे डोकं आत बसणाऱ्या) बोल्टने बसवला तरी चालतं. एक हात मशीनवर, दुसरा मुठीवर, आणि दाब द्यायचा तो मुठीवर, कारण मूठ कायम लाकडावर असते.

मटेरियलचं म्हणाल तर ॲक्रिलिक सगळ्यांना आवडतं कारण आरपार दिसतं, पण एवढ्या लांब बेसला ६ मिमी ॲक्रिलिक मुठीवर दाब दिला की वाकतं आणि बिटची खोली बदलते. ८ किंवा १० मिमी घ्या, आणि साइनबोर्डवाल्याकडे मागताना कास्ट ॲक्रिलिक म्हणूनच मागा, एक्स्ट्रूडेड स्वस्त असतं पण ड्रिल करताना वितळून बिटला चिकटतं. पॉलिकार्बोनेट चिवट आहे, फुटत नाही, पण ओरखडे लवकर पडतात आणि लेझरवर कापलं तर कडा पिवळ्या-काळ्या होतात. माझी स्वतःची पसंती हायलमला, म्हणजे ती चॉकलेटी फिनोलिक शीट, इलेक्ट्रिकल पॅनेलवाल्यांकडे तुकडे मिळतात. ६ मिमीत पण ताठ राहते आणि लाकडावर छान सरकते. आरपार दिसत नाही एवढंच, पण कडेच्या कामाला दिसायची तशी गरज नसते. कापताना मास्क लावा, तिची धूळ फार वाईट.

प्लायचा बेस करून बघायला हरकत नाही, पण दोन्ही बाजूंनी सनमायका लावा, एकाच बाजूला लावलात तर पावसाळ्यात धनुष्य होईल.

प्रश्न : काका, जुना बेस नवीन शीटवर ठेवून पेन्सिलने भोकं मार्क केली, तरी एक स्क्रू बसतो तर दुसरा बसत नाही. भोकं कानशीने मोठी करून बसवलं, आता खाच सरळ येत नाही, गुण्यात पण येत नाही. काय चुकलं? (वाचक, इचलकरंजी)

उत्तर : हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा म्हणून जरा सविस्तर सांगतो. बेसचा आकार गोल असो, चौकोनी असो, बदामी असो, तो नंतर कधीही कापता येतो. पण बिटचं सेंटर आणि बेसचं सेंटर एक नसेल तर त्या बेसवर काहीच भरवशाचं होत नाही. समजा सेंटर अर्धा मिमी सरकलंय. पट्टीला टेकवून मशीन चालवताय आणि मध्येच हात बदलताना मशीन अर्धं फिरलं, तर खाच १ मिमी बाजूला जाते, कारण अर्धा मिमी जो इकडे होता तो आता तिकडे. तुमची खाच सरळ येत नाही त्याचं कारण बहुतेक हेच आहे.

पेन्सिलने भोकातून मार्क केलं की पेन्सिलचं टोक भोकाच्या कडेने फिरतं, मध्य मिळतच नाही. म्हणून उलट क्रमाने जा, आधी मधलं भोक, मग स्क्रूची, आणि बाहेरचा आकार सगळ्यात शेवटी.

मशीनची पिन सॉकेटमधून काढा. कोलेटच्या, म्हणजे बिट पकडणाऱ्या चिमट्याच्या, मापाची सरळ गोल दांडी घ्या. इथे एक लक्षात ठेवा, आपल्याकडे ६ मिमी आणि पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी अशी दोन्ही कोलेट फिरतात आणि दिसायला सारखीच दिसतात, तेव्हा व्हर्नियर लावून बघा. (बिटच्या बाबतीत पण हेच, ६ ची दांडी पाव इंचाच्या कोलेटमध्ये कधीच घालू नका, मिनिटाला ३०,००० फेऱ्यांना ती सुटून येते.) दांडी नसेल तर त्याच मापाच्या जुन्या बिटची शँक (कोलेटमध्ये जाणारी दांडी) चालते, लेथवाल्याकडे ब्राइट बारचा (गुळगुळीत गोल सळईचा) तुकडा सहज मिळतो. आता नवीन शीटला त्याच मापाचं एक भोक मारा, ड्रिल स्टँडवर, म्हणजे काटकोनात. कोलेटमध्ये दांडी घट्ट करा आणि शीट दांडीवरून सरकवत बेसपर्यंत आणा. शीट आता बिटच्या सेंटरवर आहे, मोजपट्टी लागलीच नाही.

राहिली स्क्रूची भोकं. मशीनच्या बेसचे स्क्रू बहुतेक एम४ (४ मिमीचे) असतात, पण आधी त्यांच्यावर नट फिरवून खात्री करा. त्याच मापाचे बिनडोक्याचे ग्रब स्क्रू घ्या, एक टोक कानशीने घासून अणकुचीदार करा, आणि ते मशीनच्या भोकांमध्ये असे फिरवा की टोक जेमतेम १ मिमी वर राहील. आता दांडीवरून शीट खाली आणा, हवी तशी फिरवून घ्या आणि वरून लाकडी ठोकळा ठेवून एकदाच टकटक करा. शीटवर बारीक टिंब उमटतात, तेच स्क्रूचे मध्य. त्यावर ड्रिल मारा. ॲक्रिलिकचा वरचा कागद या कामात काढू नका, कागदावर टिंब छान दिसतं आणि ओरखडा पण पडत नाही.

भोक ४ ऐवजी साडेचार मिमीचं मारा, म्हणजे थोडी जागा राहते. स्क्रू हलके लावा, दांडी परत आत घाला, बेस आपोआप जागेवर येतो, मग स्क्रू आवळा आणि दांडी काढून घ्या. मधलं भोक मोठं करायच्या आधी कधीही बेस काढून परत लावला तरी हेच करायचं. मधलं भोक मोठं करायला होल सॉ वापरा, त्याचं पायलट ड्रिल त्याच मधल्या भोकात गेलं की मोठं भोक पण त्याच सेंटरवर येतं. भोक बिटपेक्षा ५-६ मिमी मोठं ठेवा, भुसा बाहेर पडायला जागा लागते.

तुमचा आत्ताचा बेस फेकू नका, त्यावरून बाहेरचा आकार काढता येईल.

प्रश्न : ॲक्रिलिकचा बेस लेझरवर कापून घेतला, दिसायला सुंदर, पण स्क्रू आवळल्यावर दोन दिवसांनी भोकापासून तडा गेला. शीटच खराब होती का? (वाचक, सावंतवाडी)

उत्तर : शीट बिचारी चांगलीच असणार. सीएसके स्क्रूचं डोकं पाचरीसारखं असतं, जितकं आवळाल तितकं ते ॲक्रिलिकला बाहेर ढकलतं. त्यात एम४ स्क्रूच्या डोक्याचा कोन ९० अंश, आणि लाकडाच्या कामाचे बरेचसे काउंटरसिंक ८२ अंशाचे, म्हणजे डोकं सगळीकडे टेकतच नाही, एका बारीक कडेवर सगळा ताण येतो. ॲक्रिलिकला सपाट डोक्याचा स्क्रू वापरा आणि त्याच्यासाठी सपाट तळाचा खळगा करा, खाली निदान ३ मिमी मटेरियल राहिलं पाहिजे, डोकं मात्र पृष्ठभागाच्या आतच हवं नाहीतर जॉबवर ओरखडे काढत जाईल.

अजून एक, लेझरने कापलेल्या कडेत ताण साठलेला असतो, तिला थिनर किंवा स्पिरिट लागलं की बारीक बारीक चिरा पडतात. डबल टेपचा चिकटपणा काढायला बरेच जण थिनरच घेतात. साबणाचं पाणी वापरा.

आणि लेझरवाल्याला फाइल देताना जुना बेस स्कॅन केला असेल तर शेजारी एक पट्टी ठेवून स्कॅन करा, आधी कागदावर प्रिंट काढून १०० मिमी खरंच १०० आहे का ते बघा, प्रिंटर गुपचूप साइज बदलतो.

प्रश्न : दादा, मला ६०० मिमीचे गोल स्टूल-टेबलटॉप १८ मिमी प्लायमधून कापायचेत. जिगसॉने कापते पण कड घासण्यात वेळ जातो. ट्रिमरच्या बेसवर गोल कापायची सोय होईल का? (वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, अगदी होईल, आणि कड अशी येईल की पॉलिश पेपर फक्त फिरवायचा. साधारण ४०० मिमी लांब आणि १०० रुंद पट्टी घ्या, ९ मिमी प्लाय पुरेल, एका टोकाला वर सांगितलं तसं मशीन बसवा. मग बिटच्या सेंटरपासून माप घेऊन ४ मिमीचं पिनचं भोक. ६ मिमीचा बिट असेल आणि तबकडी ६०० ची हवी असेल तर पिन ते बिटचं सेंटर ३०३ मिमी, कारण तबकडी बिटच्या आतल्या कडेपर्यंत असते. उलट ६०० चं भोक पाडायचं असेल तर २९७. इथे बरेच जण ३०० धरतात आणि टेबल ६ मिमीने लहान होतं.

पिनचं भोक टॉपच्या खालच्या बाजूने मारा, आरपार नको, म्हणजे वरून काही दिसत नाही. आता अडचण अशी की साध्या ट्रिमरला प्लंज नसतो, चालू मशीन लाकडात उतरवता येत नाही, आणि चालू मशीनचा क्लॅम्प सैल करून उतरवायचा प्रयत्न तर करूच नका. म्हणून सुरुवातीचं भोक आधीच ड्रिलने आरपार मारून ठेवा, ८ मिमीचं, पिनपासून ३०४ वर. त्याची आतली कड बरोबर ३०० वर येते आणि जास्तीची जागा बाहेर, वाया जाणाऱ्या भागात जाते. बिट त्या भोकात मोकळा राहतो, तिथेच मशीन चालू करायचं, एक फेरी पूर्ण, परत भोकात येऊन बंद, खाली ३ मिमी, परत चालू. १८ मिमीला सहा फेऱ्या होतात. वरून बघताना घड्याळाच्या उलट फिरवा. शेवटच्या फेरीआधी खाली टाकाऊ प्लाय ठेवा आणि तबकडी व बाहेरचा तुकडा दोन्ही त्याला पक्के करा, नाहीतर सुटताना तुकडा बिटवर येतो.

प्रश्न : इथे गाइड बुश सहज मिळतात पण माझ्या छोट्या राउटरच्या बेसला ते बसत नाहीत. बेस बनवला तर कुठल्या मापाचा? (वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : गाइड बुश म्हणजे बिटभोवती बसणारी नळी, ती साच्याच्या, म्हणजे टेम्प्लेटच्या कडेला टेकून चालते. तिकडे जास्त चालणारे बुश पोर्टर-केबल या कंपनीच्या पद्धतीचे, त्यांना आरपार भोक १ ३/१६ इंच आणि त्यावर बुशची कॉलर बसायला १ ३/८ इंचाचा खळगा लागतो, खोली कॉलरच्या जाडीपेक्षा किंचित जास्त ठेवा. आधी खळगा फोर्स्टनर (सपाट तळाचा खळगा करणाऱ्या) बिटने, मग आरपार भोक, दोन्ही त्याच एका मधल्या भोकावरून. कागदावर हिशोब सोपा आहे, ५/८ चा बुश आणि ३/८ चा बिट, फरक पाव इंच, त्याचा अर्धा १/८, म्हणजे टेम्प्लेटपासून काप बरोबर एक सूत बाहेर. पण सेंटर सरकलेलं असेल तर हे एक सूत एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी, आणि बिजागरीच्या खाचेत ते लगेच उघडं पडतं.

प्रश्न : प्लायच्या कडेला सागाची लिपिंग पट्टी लावतो, ती फेसशी लेव्हल करताना रंध्याने व्हेनियर उडतं. ट्रिमरने करता येईल का? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : येईल, आणि माझ्या मते ट्रिमरला वेगळा बेस करण्याचं सगळ्यात मोठं सुख याच कामात आहे. साधारण २०० मिमी लांब हायलम किंवा ॲक्रिलिकचा बेस घ्या, त्याच्या खालच्या बाजूला, बिटपासून १० मिमी सोडून पुढचा सगळा भाग झाकेल असा ९ मिमी प्लायचा तुकडा चिकटवा. आता बेस त्या प्लायच्या तुकड्यावर उभा राहतो आणि बिटची बाजू अधांतरी. सरळ बिट त्या तुकड्याच्या तळाशी लेव्हल करा, नीट सांगायचं तर एका कागदाच्या जाडीएवढा वर, म्हणजे व्हेनियरला तो लागतच नाही. प्लायचा तुकडा फेसवर सरकवत न्यायचा, बिट वर आलेली लिपिंग तेवढी कापत जातो, राहिलेली कागदाएवढी पट्टी स्क्रेपरने जाते. हाताचा दाब कायम प्लायच्या तुकड्यावर, मशीनवर नाही.

फक्त बेसची आणि तुकड्याची जाडी मिळून १५ मिमी झाली, तेवढी बिटची पोच कमी झाली. म्हणून पोच वाढवायला बिट कोलेटमधून बाहेर ओढू नका, शँक निदान २० मिमी आत हवीच. लांब बिट आणा किंवा खालचा तुकडा ६ मिमीचा करा, लिपिंग १-२ मिमीच वर असेल तर तेवढा पुरतो. स्क्रू पण बघून घ्या, जाड बेसला जुने आखूड पडतात. एम४ चे निदान चार-पाच मिमी आटे मशीनच्या बेसमध्ये जायला हवेत, आणि लांब घेतले तर पलीकडे कुठे टेकत नाहीत ना ते पिन सॉकेटमध्ये घालायच्या आधी, बिट हाताने एकदा पूर्ण फिरवून बघा.