कृषी सल्ला : वरकस माळ इंधनाच्या झाडांसाठी भाड्याने द्यावा का?

जव्हार-मोखाड्याकडच्या आदिवासी शेतकऱ्यांचे प्रश्न साधारण एकाच गोष्टीचे आहेत. कंपनीचा माणूस गावात येतो, मोगली एरंड (जट्रोफा, बियांच्या तेलापासून इंधन करतात ते झाड) लावायला वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने मागतो. "आजोबांपासूनचा माळ आहे, नाहीतरी पडीकच, द्यावा का?" एका ताईंनी विचारले आहे की वनपट्ट्याची जमीन देता येईल का. एका भाऊंनी तर आगाऊ पैसे घेऊन कागदावर अंगठा दिला आहे.

ताई, वनपट्टा देता येणार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन वारसांकडे जाते, पण हस्तांतरित करता येत नाही. शिवाय पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. तुमच्या नकळत घरातून कोणी कबूल झाले असेल, तर त्यांना हे आजच सांगा.

सातबाऱ्यावरच्या मालकी जमिनीला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ३६अ लागू आहे. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला भाड्याने द्यायची तर पाच वर्षांपर्यंत जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, त्याहून जास्त मुदतीला राज्य शासनाचीही मान्यता लागते. त्यासाठीचा अर्ज जमीन घेणाऱ्याने करायचा असतो. म्हणून पहिल्या भेटीतच विचारा, "तुमचा अर्ज कुठे आहे?" अकरा महिन्यांचा नोटरी करार म्हणजेसुद्धा भाडेपट्टाच, आणि कुलमुखत्यारपत्रावर तर अजिबात सही करू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी आदिवासींना आपली जमीन थेट भाड्याने देता येईल, एकरी वर्षाला किमान ५०,००० रुपये मिळतील, असे जाहीर केले होते. त्या बातमीचे कात्रण एजंट दाखवतात. कात्रणावर जाऊ नका. सही करायच्या दिवशी नियम काय आहे ते तहसील कार्यालयातून लेखी घ्या. आणि आपल्या भागात पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आहे, तेव्हा विषय आधी ग्रामसभेत मांडा.

आता 'पडीक' या शब्दाकडे येतो, कारण मला खरी काळजी त्याची आहे. तुमच्या माळावर नागली, वरई, खुरासणी आळीपाळीने होते, मग जमीन काही वर्षे विसाव्याला राहते. त्या वर्षांतही ती रिकामी नसते. भाताच्या रोपासाठी राब (रोपवाटिकेची जागा) भाजायचा तर फांद्या-पालापाचोळा तिथूनच येतो. गुरांचे गवत तिथले, मोह तिथला, पहिल्या पावसातली शेवळाची रानभाजी तिथली. माळावर तारेचे कुंपण पडले की खालच्या भाताच्या खाचरालाही झळ बसते. भाड्याच्या हिशेबात हे कोणी धरत नाही. तुम्ही घरी बसून धरा. घरातल्या बायकांना विचारलेत तर हिशेब जास्त बरोबर येईल.

पिकाबद्दलही स्पष्ट सांगतो. मोगली एरंडाच्या बियांत तेल भरपूर असते हे खरे. पण कोरडवाहू, हलक्या जमिनीत झाड जगते, बी मात्र थोडे धरते. उत्पन्न यायला तीन-चार वर्षे जातात आणि पाणी साचले की मुळे कुजतात. बी विषारी आहे, मुले शेंगदाण्यासारखे खातात आणि दवाखान्यात जावे लागते. ढेप गुरांना घालता येत नाही. २००३ मध्ये केंद्राच्या पातळीवर याच झाडाच्या भरवशावर २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल (बियांच्या तेलाचे इंधन) मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ते गाठता आले नाही, अनेक राज्यांतल्या लागवडी सोडून द्याव्या लागल्या. आज पेट्रोलमध्ये मिसळतात ते इथेनॉल मुख्यतः ऊस, मका आणि तांदळाचे. त्याचा वरकस माळाशी संबंध नाही. लागवड फसली तर कंपनी निघून जाईल, झाडे उपटायचा खर्च तुमच्या माथी राहील. करारात त्याचा उल्लेख आहे का ते बघा.

तेलबियांची हौस असेलच, तर बांधावर करंज लावा. ढेप खत म्हणून शेतातच उपयोगी पडते. माळाच्या एका तुकड्यावर आंबा-काजूची वाडी रोजगार हमीतून करता येते. कागदपत्रांसाठी सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) भेटा, जमीन तुमच्याच नावावर राहते.

अंगठा दिलेल्या भाऊंनी घाबरू नये. परवानगीशिवाय झालेला व्यवहार कायदेशीर ठरत नाही. कराराची प्रत मागून घ्या, मिळालेल्या रकमेची नोंद ठेवा, जमिनीचा ताबा सोडू नका आणि तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. जाताना सातबारा आणि जातीचा दाखला सोबत न्या.